चावरं म्हणतात मला

मी एक लहानसं पिस्तूल बोलतोय. घाबरू नका, माझ्याकडे सांगायला मारामारीचं काहीच नाही. आजवर मी कागदी निशाणांना भोकं पाडली, आणि माणसांचे हात फाडले. तेही मला धरणाऱ्यांचेच.

कारखान्यातून मी थेट एका सुरक्षा कंपनीच्या फायरिंग रेंजवर आलो. लांबट खोली, एका टोकाला वाळूची पोती, दुसऱ्या टोकाला पत्र्याचं टेबल. कंपनीने त्या वर्षी जुनी रिव्हॉल्व्हरं मोडीत काढली आणि माझ्यासारखी बारा पिस्तुलं घेतली. शिकवणारे मास्तर मात्र तेच ठेवले.

तिथेच घोळ झाला. मास्तरांची तीस वर्षं रिव्हॉल्व्हरवर गेलेली. उजव्या हाताने मूठ धरायची आणि डावा अंगठा मागून त्या हातावर आडवा आवळायचा, ही त्यांची पद्धत. रिव्हॉल्व्हरला ते खपून जायचं. माझ्या माथ्यावर मात्र पोलादाची एक सरकती पट्टी आहे, स्लाइड म्हणतात तिला. गोळी सुटली की ती पापणी लवायच्या आत मागे येते, रिकामं काडतूस फेकते आणि पुढे जाते. माझी मूठ तोकडी, त्यामुळे ती हाताला अगदी लगटून धावते. वाटेत अंगठा आला तर तिला थांबता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका धिप्पाड गार्डच्या अंगठ्यामागची कातडी सोलून निघाली. सगळे खिदळले.

"काय पहिलवान, पिल्लू चावलं वाटतं!"

"चावरं आहे हो हे!"

पट्टी बांधली, चहा झाला, विषय संपला. नाव तेवढं मला चिकटलं. कुणी विचारलं नाही की हे चावतं कसं.

मग घड्याळवाली आली. तिच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. म्हाताऱ्याचे हात थरथरायचे, म्हणून बारीक काम तीच करायची. दुकानावर दोघांचं भागेना, म्हणून ती गार्डच्या नोकरीसाठी आली होती. सकाळी रेंज, संध्याकाळी दुकान.

तिने मला हातात घेतलं ते गोळ्या काढून, नळी वाळूकडे ठेवून. स्लाइड हळूच मागे ओढली, सोडली, पुन्हा ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी समजून घेत होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "हे मागे येतंय ना, ते बरोबर माझ्या अंगठ्यावर येईल. दोन्ही अंगठे डाव्या बाजूला, या पट्टीच्या खाली, पुढे तोंड करून ठेवले तर?"

एकदम बरोबर! मला ओरडावंसं वाटलं.

मास्तर हसले. "अगं बाई, हे घड्याळ नाही. तीस वर्षं असंच धरलंय मी, नखालाही धक्का नाही लागला. परीक्षेत पास व्हायचंय ना? मग सांगतो तसं धर."

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तिला चावीचं पिस्तूल द्या!"

पास-नापास मास्तरांच्या हातात होतं. तिने अंगठा मागे आडवा घातला. मला तिची नाडी लागत होती, भराभर चालणारी. तिला कळत होतं, आणि तरी तिने ऐकलं. माणसांचं हे मला कधीच कळणार नाही.

गोळी निशाणाच्या मधोमध लागली. अंगठा सरळ करणारी शीर तुटली होती.

दीड महिन्याने ती परत आली, सोबत वडील. डॉक्टरांनी शीर जोडली होती, पण अंगठा सरळ होत नव्हता. नोकरीला कंपनीने नाही म्हटलं. ऑफिसातल्या कारकुनाने रेंजवरच्या टेबलावर कागद पुढे केला: दुखापत स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

"सही केली की दवाखान्याचं बिल मिळेल," तो म्हणाला.

"निष्काळजी?" म्हातारा म्हणाला. "केसाएवढी स्प्रिंग बसवायची ही पोर."

"बाबा, राहू द्या." तिने सही केली. मग मास्तरांकडे वळली. "निदान पुढच्यांना तरी सांगा, मास्तर. अंगठा मागे नको."

मास्तर तिच्या हाताकडे बघत राहिले. क्षणभर वाटलं, वितळतील. पण कबूल केलं असतं तर मागच्या साऱ्या जखमा त्यांच्या नावावर आल्या असत्या. "नशीब असतं एकेकाचं," ते पुटपुटले.

ती गेली. दुकानाला आता कुलूप आहे, असं गार्ड बोलताना मी ऐकलं.

आज नवी तुकडी आली आहे. एका कोवळ्या, घामेजल्या हाताने मला उचललंय. दादा, ताई, कुणी का असेना, ऐक! हात मुठीवर घट्ट आणि वर धर, पण स्लाइडच्या खाली. दोन्ही अंगठे डावीकडे, पुढे. तुझ्या डोळ्यांना दिसतंय ते तुझ्या तोंडाने विचार. हसले तरी विचार. मला तोंड नाही, तुला आहे.

डावा अंगठा सरकतोय. मागे, आडवा, माझ्या पाठीशी येऊन टेकला.

"शाब्बास," मास्तर म्हणतात. "अस्संच. आता मार."