बायोलॉजीचा सौदा

गोरख दलालानं लेकीचे विषय ठरवले ते बेल्ह्याच्या बैलबाजारात, उपरण्याखाली. तिथली रीतच ती. भाव तोंडानं बोलायचा नाही; उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबायची, आणि जमलं की सौदा पक्का. पुण्याहून आलेला त्याचा धाकटा भाऊ संपत चहा पिता पिता म्हणाला, "दादा, तेजूला अकरावीला कॉम्प्युटर घ्यायला लाव. बायोलॉजी घेऊन काय करणार? मी लावतो तिला कंपनीत." गोरखनं खुशीत येऊन भावाच्या हातावर उपरणं टाकलं. बघणाऱ्यांना गंमत वाटली. गोरखनं मात्र शब्द दिला होता.

तेजस्विनीला हे कळलं तेव्हा ती गोठ्यात धार काढत होती. तिला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर. कॉम्प्युटर घेतलं की बायोलॉजी सुटणार, आणि बायोलॉजी सुटलं की तो दरवाजा कायमचा बंद. प्रवेश तर उद्यावर आलेला.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "तुजा बाप शबूद फिरवायचा न्हाई."

ते खरंच होतं, आणि त्या गोष्टीचा गोरखला ताठाही भारी. रडून उपयोग नव्हता, भांडून तर मुळीच नाही. तेजूनं दुधाची कळशी आत ठेवली आणि ती तडक ओसरीवर बापापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, मालक बाजारात नसताना त्येची गाय कुनी इकली तर?"

"तर पायतान खाईल! मालकाचा हात पायजेच. म्या जल्मात तसला सौदा केला न्हाई."

"मग माजा कसा केला?"

गोरखचा चहाचा कप हातातच राहिला. "तू काय गाय हायेस व्हय?"

"गाय न्हाई, मालक हाये! शिकनार मी, जागनार मी, अन् उपरन्याखाली हात कुनाचा? काकाचा!"

आतून आईचं हसू फुटलं. गोरख आधी लाल झाला, आणि मग त्यानं खिशातून फोन काढला.

"संपत, सौदा मोडला बरं का. मालकालाच इचारलं न्हवतं. चूक माजी."

संपतकाका पलीकडून बराच वेळ समजावत राहिले. गोरख नुसता 'हां, हां' करत लेकीकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेतलं कौतुक काही लपत नव्हतं. तेजूला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या कॉलेजात टेबलामागच्या बाईंनी सवयीनं बापालाच विचारलं, "कोणते विषय?"

गोरख खुर्चीवरून उठला, लेकीला तिथं बसवलं आणि स्वतः मागं उभा राहिला. "हिला इचारा."

"फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी!" तेजस्विनीनं सांगितलं. अख्ख्या रांगेनं वळून बघितलं.

"अगं, हळू," बाई हसल्या. "शेवटचा कोणता म्हणालीस?"

तिनं तो आणखी मोठ्यानं सांगितला.