सँडल कलर

पुण्याहून आलेल्या निधीच्या चेन्नईच्या गिंडी भागातल्या फ्लॅटची दारं-चौकटी काळपट सागवानी होती. भिंतींना कुठला रंग शोभेल, हे तिने शेजारच्या त्रिपुरसुंदरीमामींना विचारलं. तंजावरी मराठी मामींनी दारांवर नजर टाकून ठाम सांगितलं, "सँडल कलर लाव."

निधीचं डोकंच फिरलं. आधीच दारं काळी, त्यात भिंती चपलेच्या रंगाच्या? ती तरातरा आत गेली आणि आपली तपकिरी सँडल घेऊन आली. "एवढा गडद?"

मामींनी सँडलकडे पाहिलं, मग निधीकडे. आपल्या देवघरातून उगाळलेलं चंदन आणून त्यांनी काळ्या चौकटीशेजारी भिंतीवर बोट ओढलं. फिकट पिवळी रेघ काय खुलली!

"हे सँडल, गे," मामी म्हणाल्या. "ते पायात घाल."