गाडीची डावी बाजू

बायकोला पुरल्यानंतर पाचव्या दिवशी कॅझिमिर कामावर गेला. घरी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डेट्रॉइटच्या त्या कारखान्यात तो नव्या गाड्यांचे मातीचे नमुने घडवायचा. लाकडी सांगाड्यावर गरम माती थापून केलेला, खऱ्या गाडीएवढा नमुना. त्याच्या दोन बाजू मुद्दाम दोन तऱ्हेच्या ठेवत. साहेब लोक एक पसंत करत, मग दुसरी खरवडून तिच्यासारखी करायची. एकोणसाठ सालच्या गाडीचं तेच चाललं होतं. उजव्या बाजूचा मागचा पंख, त्या काळच्या गाड्यांना शेपटीकडे असायचा तसा उभा कल्ला, त्याच्या जोडीच्या कारागिराने, एल्मरने घडवला होता, जाडजूड आणि टोकदार. डावा कॅझिमिरचा. तो दारापासून निघून सावकाश चढत जायचा आणि दिव्याजवळ किंचित बाहेर झुकायचा.

हा पंख त्याच्या बायकोला, ब्रोन्याला ठाऊक होता. अर्धांगाने ती खाटेला खिळली, तेव्हापासून चार महिने रोज संध्याकाळी तो तिच्या धडधाकट हाताच्या तळव्यावर बोटाने ती रेघ ओढून दाखवायचा. मनगटापासून निघायचा, करंगळीपाशी झुकायचा.

"अजून वर चाललाय का," ती म्हणायची, "कुणाच्या तरी डोळ्यात घालशील."

एल्मरने त्याला दारातच गाठलं. वाईट झालं म्हणाला. मग म्हणाला की डावी बाजू ठरली आहे, उजवी खरवडायला घे, दुपारी मोठे साहेब येणार आहेत. आणि तो रंगाच्या खोलीकडे गेला.

कॅझिमिर गाडीच्या नाकासमोर उभा राहिला. उजव्या हाताला त्याचा स्वतःचा पंख होता. म्हणजे आपला नापसंत झाला, एवढंच त्याच्या मनात आलं. वाईट वाटलं नाही. त्याने पातं घेतलं आणि पंख उतरवला. माती पायाशी पडत राहिली. तासाभरात तिथे काही उरलं नाही.

एल्मर परत आला आणि बघतच राहिला.

"कॅझ, लेका, हे काय केलंस?"

"उजवी खरवडली."

"ही डावी आहे. ड्रायव्हरची डावी. बावीस वर्षं झाली तुला इथं."

कॅझिमिरने हातांकडे पाहिलं. ब्रोन्या खाटेवरून काही मागायची तेव्हा तो तिच्यासमोर तोंड करून उभा असायचा, आणि त्याला गोंधळ नको म्हणून ती त्याच्या बाजूने सांगायची. तुझ्या डाव्या हाताची उशी, तुझ्या उजव्या हाताचा पेला. त्याने पातं खाली ठेवलं. तो म्हणाला, "चुकलं."

पंखाचा फर्मा, म्हणजे आकार उतरवून घ्यायचा साचा, अजून काढला नव्हता. होतं ते एक चित्र, आणि चित्रावरून तो झुकाव काही सापडला नसता. एल्मर म्हणाला की साहेबांना सांगू, माती तडकली म्हणून, चार दिवस मागून घेऊ. हे खरं कळलं तर तुला घरी बसवतील.

"घरी नको," कॅझिमिर म्हणाला.

त्याने ओव्हनमधून माती काढली. चित्राकडे पाहिलं नाही. अंगठ्याने दाबत गेला, मनगटापासून वर. तीन तास तो तेवढंच करत राहिला. करंगळीपाशी आल्यावर हात आपोआप बाहेर वळला.

मोठे साहेब आले, दोनदा फेरी मारली, मागे उभे राहून डोळा बारीक करून पाहिलं. म्हणाले, हाच, गेल्या आठवड्यात पाहिला तोच. आता दुसरी बाजू अशीच करा. आणि गेले.

तोच होता. कॅझिमिरने त्यावरून तळहात फिरवला. माती अजून कोमट होती. त्याला बरं वाटलं नाही, वाईटही नाही.

त्याने पातं उचललं आणि पुन्हा गाडीच्या नाकाकडे निघाला. एल्मरने त्याचा दंड धरला, त्याला गाडीच्या मागे आणून उभं केलं, तोंड पुढच्या काचेकडे करून.

"इथून बघत जा आता," तो म्हणाला. "इथून तुझी डावी तीच तिची डावी."

"बरं," कॅझिमिर म्हणाला, आणि उजवीकडे वळून खरवडायला लागला.