वेलीमागचा चाळीस

मित्रांनो, माझ्या तोंडी जन्मभर एकच शब्द आहे, आणि तोही आकडा. चाळीस. मी रस्त्याच्या कडेला उभा असलेला एक जुना फलक आहे. कागदोपत्री मला 'वेगमर्यादा फलक' म्हणतात, येणारेजाणारे 'बोर्ड' म्हणतात, आणि घाईत असलेले लोक काय म्हणतात ते तुम्हा मुलांना न सांगितलेलंच बरं. मला त्याचा राग येत नाही. ज्याचं काम लोकांना थोपवायचं, त्याने शिव्यांचं वाईट वाटून घेऊ नये.

पत्र्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मोठ्या पत्र्यातून मला गोल कापलं, कडा घासल्या, पाठीला करडा रंग दिला. चेहऱ्यावर उजेडात चमकणारा पांढरा कागद चिकटवला आणि भोवती लाल कडं आलं. सगळ्यात शेवटी काळा आकडा. माझ्याबरोबरचे काही भाऊ ऐंशीचे झाले, काही साठचे. ऐंशीवाले फार तोऱ्यात असायचे. पण ते गेले ओसाड माळावरच्या हमरस्त्यावर, आणि माझ्या वाट्याला आली वस्ती. इथे सकाळ-संध्याकाळ चार माणसं दिसतात, त्यामुळे माझं बरं चाललं आहे.

माझ्या अलीकडचा रस्ता रुंद आणि सरळ आहे. तिथे साठने जायची मुभा आहे. माझ्यापाशी आलं की चाळीसवर यायचं, कारण पुढे वळण आहे आणि वळणाला लागून मुलांचं मैदान. मैदानातून आधी चेंडू बाहेर येतो आणि मागोमाग मूल येतं, ते इकडेतिकडे न बघता. हे ज्यांना ठाऊक होतं ते मला मान देत. गाडी शिकवणारे एक मास्तर प्रत्येक नव्या शिकाऊला माझ्यासमोर थांबवून म्हणायचे, "घरी कुणाचंही ऐकू नकोस, पण याचं ऐक." असं कौतुक कानावर पडलं की पत्र्यालासुद्धा बरं वाटतं.

पुढे वळणाआधी एक उंच खांब आला आणि त्यावर वेग मोजणारा कॅमेरा बसला. शेजारी म्हणून माणूस कडक, पण सचोटीचा. मी सांगायचं, त्याने बघायचं. ज्याने ऐकलं नाही त्याच्या घरी दंडाची नोटीस. समोर टायरवाले काका होते. पंक्चर काढता काढता ते आम्हा दोघांवर नजर ठेवायचे आणि तिसऱ्याच कुणाशी तरी आमच्याबद्दल बोलायचे.

असे सुखाचे दिवस चालले असताना माझ्या पायाशी एक वेल उगवली. पिवळ्या फुलांची, दिसायला गोड. आधी तिने माझा खांब धरला, मग खांद्यावर हात ठेवला आणि बघता बघता माझं तोंडच झाकून टाकलं. काकांनी रस्तेवाल्यांना कळवलं. ते म्हणाले, "खांब आमचा, पण वेल बागवाल्यांची." बागवाल्यांना कळवलं. ते म्हणाले, "वेल आमची, पण ती तुमच्या रस्त्याच्या खांबावर आहे ना!" दोघांचंही बरोबर होतं, आणि मी हिरव्या पडद्यामागे गप्प उभा होतो. सावली छान होती, नाही कशाला म्हणू? पण दिसत नसलेला फलक म्हणजे नुसताच पत्रा.

त्याच सुमारास व्हॅनमावशी या रस्त्याला लागल्या. त्या शाळेच्या मुलांना ने-आण करायच्या. त्यांच्या नेहमीच्या रस्त्यावर पाइपासाठी खोदकाम निघालं होतं, म्हणून त्या इकडून आल्या. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याने त्यांना टिपलं. वेग बावन्न.

नोटीस घेऊन त्या आल्या तेव्हा बरोबर त्यांचे धाकटे दीर होते. दोघांनी रस्त्याची ही बाजू दोनदा पालथी घातली.

"इथे बोर्डच नाहीये," मावशी म्हणाल्या. "मी साठचा रस्ता समजूनच चालले होते."

"असेल हो कुठेतरी! वहिनी, तुम्हाला चाळिशी लागली असणार. एवढा मोठा चाळीस दिसला नाही म्हणजे काय!" दीर स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले.

मावशी हसल्या नाहीत. "माझे डोळे ठणठणीत आहेत."

"बरं बाई, ठणठणीत. दंड भरा आणि मोकळ्या व्हा. कशाला नसती कटकट?"

"दंड भरला म्हणजे चूक कबूल केली असं होतं, भाऊजी. लायसन्सवर तशी नोंद होते. आणि वेगाची एक जरी नोंद असली तरी शाळा व्हॅनचं काम काढून घेते. मग मी मोकळीच की! घरी बसायला."

तेवढ्यात हात पुसत टायरवाले काका आले. "बोर्ड आहे हो. या वेलीच्या पोटात आहे. थांबा, बाजूला करतो." त्यांनी फांदीला हात घातला आणि माझा आनंद गगनात मावेना.

"हात लावू नका!" मावशी ओरडल्या.

काका दचकले. मी तर हिरमुसलोच.

"आहे तसाच राहू दे, काका. आधी फोटो काढते." गाडी चालवणाऱ्याला मी जिथून दिसायला हवा, तिथे उभं राहून त्यांनी फोटो काढले. मग जवळून, मग वेलीच्या मुळाशी वाकून. "नोटिशीवर लिहिलंय की मुदतीत हरकत घेता येते. जागा येऊन बघा म्हणून अर्ज करणार. आणि कॅमेऱ्याच्या तपासणीचा दाखलाही मागणार. तो माझा हक्क आहे."

"कर नाही त्याला डर कशाला!" काका म्हणाले, आणि तेव्हापासून हा खटला त्यांचाही झाला.

जाण्याआधी मावशींनी व्हॅनमधून एक पुठ्ठा काढला. त्यावर जाड पेनने लिहिलं, 'पुढे मुलांचं मैदान. चाळीसच्या आत चला.' काकांनी तो जुन्या टायरमध्ये उभा करून माझ्या पायाशी ठेवला. "माझा निकाल लागेपर्यंत कुणाच्या पोराला इजा नको," मावशी म्हणाल्या. ती बाई माझं काम करत होती, आणि मला ते फार आवडलं.

पाहणीचा दिवस ठरला. आणि मित्रांनो, इतके महिने ज्याची वाट पाहिली तो बागवाला माळी नेमका त्याच सकाळी मोठी कात्री घेऊन हजर! काका पान्हा हातात घेऊनच धावले.

"आजच कशी आठवण झाली?"

"साहेबांचा हुकूम आहे. वेल छाटायची."

"छाटा ना, पण दुपारी. तोवर टायरवर बसा, चहा पाजतो."

माळ्याला काय, बसायला मिळालं. एका चहाचे तीन झाले. काका त्याला गावभरच्या गोष्टी सांगत राहिले आणि एक डोळा रस्त्यावर ठेवून बसले. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

अखेर मावशी आणि त्यांचे दीर आले, आणि मागोमाग पाहणीसाठी अधिकारी मॅडम आल्या. त्यांच्या हातात कॅमेऱ्याचा तपासणी दाखला होता. "कॅमेरा वेळेवर तपासलेला आहे. आकडा चूक नाही," त्या म्हणाल्या.

"माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही," मावशी म्हणाल्या. "मी बावन्नवरच होते. फक्त इथे चाळीसची मर्यादा आहे हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणारा तिथे आत आहे."

मॅडम रस्त्यावरून चालत आल्या, थांबल्या, पुन्हा मागे गेल्या. मग वेलीजवळ येऊन त्यांनी दोन बोटांनी पान उचललं. माझी त्यांची नजरानजर झाली. "अरे, हा तर बुरखा घेऊन बसलाय," त्या म्हणाल्या. "फलक दिसत नव्हता, तेव्हा दंड रद्द. लायसन्सवर नोंद होणार नाही. आणि हा पुठ्ठा कुणाचा?"

"माझा," मावशी जरा घाबरून म्हणाल्या.

"चांगलं केलंत."

माळ्याने कात्री चालवली. ऊन चेहऱ्यावर आलं. काकांनी ओल्या फडक्याने मला पुसलं, तेव्हा मी नव्यासारखा लाल झालो. "आता दिसतोय ना स्वच्छ?" मॅडमनी लांबून विचारलं. सगळे "हो" म्हणाले. मावशीही म्हणाल्या. मॅडम गेल्या, माळी गेला, दीर पेढे आणायला पळाले.

मावशी मात्र गेल्या नाहीत. जिथून फोटो काढले होते तिथेच त्या उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांचे डोळे बारीक झालेले पाहिले. त्या थोड्या पुढे आल्या, थांबल्या, पुन्हा थोड्या पुढे आल्या. बऱ्याच जवळ आल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "तिथून मला नुसतं लाल दिसतं हो. आकडा इथे आल्यावर दिसला."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "अहो, पण तुम्ही जिंकलात! निकाल लागला. आता कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"कुणीच नाही. मुलं तर कधीच विचारत नाहीत. दार उघडलं की चढतात आणि गाणी म्हणायला लागतात."

मावशींनी तिथूनच बहिणीला फोन लावला. बहिणीकडेही व्हॅनचं लायसन्स होतं. "उद्यापासून थोडे दिवस तू चालव," त्या म्हणाल्या. "नाही, दंड माफ झाला. डोळ्यांचं काम आहे." दीर पेढे घेऊन आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली ठेवून मावशींनी व्हॅन त्यांनाच घरी न्यायला सांगितली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसल्या. स्वतःच्याच गाडीत त्या पाहुण्यासारख्या बसल्या होत्या, आणि मला भरून आलं. ज्या व्हॅनसाठी त्या एवढ्या झगडल्या, ती जिंकल्याच्या दिवशीच त्यांनी हातातून सोडली होती.

पुढची बातमी मला काकांकडून कळली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ही चाळिशी नव्हे, लांबचा नंबर आहे. चष्मा लावा आणि खुशाल गाडी चालवा.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझी लाल कडा आता गुलाबी पडत चालली आहे, पण मी समाधानी आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मी तुम्हाला दिसलो नाही, तर आधी माझ्याकडे येऊन बघा. मला कशाने झाकलं असेल तर तक्रार करा, हरकत घ्या, अजिबात घाबरू नका. आणि मी उन्हात लख्ख उभा असूनही दिसलो नाही, तर कुणी विचारायची वाट न बघता डोळे तपासून घ्या.

व्हॅनमावशी आता रोज इथून जातात, नाकावर चष्मा लावून. खोदकाम संपलं तरी त्यांनी हा रस्ता सोडलेला नाही. माझ्यापासून चांगल्या लांब असतानाच व्हॅनचा वेग कमी होतो, आणि मुलांचं एक अख्खं कडवं मला ऐकायला मिळतं.