निलगिरीची बाटली

चोवीस वर्षं फौजेत काढून शहाण्णव साली पेन्शनवर घरी आलो, तर माझ्या खाटेवर मांजर! हौसा तिचं नाव. "आवं, तिला उठवू नगासा," बायको लीलाबाई म्हणाली. "तुमची सुट्टी सरली की तितंच निजती ती, नऊ वर्सं झाली." आम्हाला पोरबाळ नाही. मी सीमेवर असताना घरात लीलाबाईला बोलायला ही मांजरच काय ती होती. तरी हवालदार नाथाजीनं स्वतःच्या घरात जागा मागायची म्हणजे काय!

त्यात हौसाला पिसवा झाल्या. अंग खाजवून मी बेजार झालो. शेवटच्या पोस्टिंगवरून आणलेली अस्सल निलगिरी तेलाची बाटली माझ्या ट्रंकेत होती. सर्दी झाली, लाव निलगिरी. गुडघा धरला, लाव निलगिरी. पिसवांची काय बिशाद? लीलाबाई दळणाला गेली तशी मी हौसाला धरलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत तेल चोळलं. ती निसटली आणि चुलीपाशी बसून अंग चाटत राहिली.

तासाभरानं ती थरथरायला लागली. मला वाटलं, गारठली. थंडीवर माझ्याकडे औषध एकच, म्हणून छातीला आणखी चोळलं. मग तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. उठायला गेली तर मागचे पाय लटपटले आणि आडवी पडली. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

लीलाबाई आली आणि दळणाचा डबा दारातच टाकून आत धावली. पदरात मांजर गुंडाळत म्हणाली, "काय केलंसा हिला?"

"पिसवांसाठी जरा तेल लावलं."

माझ्या एम-एटी गाडीवरून लोणंदचा जनावरांचा दवाखाना गाठेपर्यंत लीलाबाई मागे बसून एकच बोलत होती, "हौसे, डोळं उघड गं." मला मागे वळून बघायची हिंमत होईना. गोळीबारातही एवढा भ्यालो नव्हतो.

डॉक्टरांना दारातच वास आला. "निलगिरी? विष आहे हे मांजराला. कातडीतून भिनतं, चाटलं की पोटात जातं. माणसाच्या अंगाला चालतं ते यांच्या लिव्हरला झेपत नाही. किती वेळा लावलं?"

"एकदा," मी म्हणालो.

टेबलावर हौसाला झटका आला. लीलाबाईनं तिचे पाय घट्ट धरले. फौजेत कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता मी. माझी मलाच लाज वाटली.

"दोनदा," मी म्हणालो. "थरथरत होती, तवा परत लावलं."

लीलाबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी कोमट पाण्यानं, साबणानं हौसाला दोन वेळा धुतलं, पुसून ऊब दिली, सलाईन लावलं. म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही."

रात्री हौसाला घेऊन घरी आल्यावर लीलाबाई न जेवताच तिच्या उशाशी बसली. मी अंगणात फेऱ्या मारत होतो. दर फेरीला आत डोकावायचं, हौसाचं पोट हलतंय का बघायचं, आणि पुन्हा बाहेर.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना हौसानं मान उचलली आणि लीलाबाईच्या बोटावरचं दूध चाटलं. "वाचली गं!" म्हणताना मला रडूच फुटलं. लीलाबाईही रडत होती. मांजर छातीशी धरून म्हणाली, "ही गेली असती, तर ह्या घरात मी एकटी पडले असते."

मी तिच्यासमोरच उभा होतो.