कोमट विहीर

भायासमोर बोलायचं ते दाराआडून, पदर ओढून. त्यामुळे चांगुणाचं हसू पुंजारामला दिसलंच नाही.

नवरा गेल्यावर या थोरल्या दिरानं काय वाटणी केली म्हणता? गोड्या पाण्याची विहीर स्वतःला, कोमट मचूळ पाण्याची हिला! त्यात बहात्तरचा दुष्काळ. एक घागर मागायला गेली तर कुत्रं अंगावर सोडलं मेल्यानं! तेव्हापासून चांगुणा डूख धरून होती. ती गोडी विहीर हिसकून घेतल्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नव्हतं.

आज गरम पाण्याचे झरे शोधत सरकारी जीप आली होती. साहेबानं कोमट विहिरीत थर्मामीटर सोडलं, आणि चांगुणानं विचारलं तसं तिला सगळं समजावून सांगितलं. जीप गेली अन् पुंजाराम धावत आला.

"काय म्हनत हुता सायेब?"

"जमिनीच्या पोटात खडक तापलेला असतो म्हनं, दादा. तिथलं पानी लई कढतं. खोल भोक पाडलं की वाफ जोरात वर येती. त्या वाफेवर मोठं चाक फिरतं, अन् चाकावर वीज हुती. कोळसा नको, धरन नको."

अक्षर न् अक्षर खरं. फक्त साहेबाचं शेवटचं बोलणं तिनं पोटात ठेवलं: बाई, तुमचं पाणी नुसतं कोमट, असल्या पाण्यानं वीज व्हायची नाही.

पुंजारामच्या डोळ्यांपुढं वीजघरच उभं राहिलं. विहिरींची अदलाबदल करू म्हणाला. ही नको नको म्हणाली, तसा तो जास्तच पेटला. बाई उद्या फिरेल या धास्तीनं त्यानंच पंच जमवले, देवळात दोघांना बेलभंडारा उचलायला लावला. देवापुढं घेतलेली शपथ, ती कोण मोडणार?

चांगुणानं गोडी विहीर साऱ्या वाडीला मोकळी केली.

पुढं जीप परत आली. पुंजाराम हार घेऊन आडवा गेला, आणि साहेबानं ते शेवटचं बोलणं त्यालाही ऐकवलं. तणतणत आला. "फशिवलंस मला!"

"खोटं काय बोलले? तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको मालनबाई आली. चांगुणानं जावेला पोटभर पाणी पाजलं, घागर मात्र रिकामीच परत दिली. "त्यास्नी म्हनावं, सोता या. दिसाढवळ्या, डोक्यावर घागर घिऊन."

थोडे दिवस मचूळ पाणी पिऊन पुंजाराम आलाच. बायकांची शेवटची घागर भरेपर्यंत चांगुणानं त्याला उन्हात उभं ठेवलं. बायका पदराआड हसत होत्या. अस्सं गार वाटलं तिच्या जिवाला!

"भरा आता," ती म्हणाली. "पन रोज तुमीच यायचं."