चार वाजता पळत येणारी शिवकन्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या पोटातला पंखा पहिल्या दिवसापासून कुरकुरत आला, त्यामुळे डोकं लवकर गरम व्हायचं. आता मी बीडमध्ये गंगासागरबाईंच्या माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पडून असतो. स्वस्थ पडावं म्हटलं तर तेही जमत नाही. खालच्या घड्याळात चार वाजले की अजून माझा जीव वरखाली होतो. कशामुळे, ते ऐका.

माझा जन्म काही एका घरचा नाही. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा आणि कळफलक तर तिसराच. लातूरच्या एका दुरुस्तीवाल्यानं मला जोडून उभा केला आणि गंगासागरबाईंच्या मांडीवर बसून मी एसटीनं बीडला आलो. कंडक्टरनं माझंही तिकीट फाडलं, तेव्हा मला केवढा मोठेपणा वाटला!

ते दोन हजार तीनचं साल होतं. पीसीओच्या पिवळ्या पाट्यांशेजारी इंटरनेट कॅफेच्या नव्या पाट्या लागत होत्या. गंगासागरबाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या. भावकीनं सुचवलं, पापड लाटा, शेवया करा. बाईंनी कॅफे काढला. दसऱ्याला त्यांनी माझ्या पेटीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, पडद्यावर झेंडूचं फूल ठेवलं. माणसं वाकून वाकून मला बघायची. कुणी निकाल बघायला यायचं, कुणी दुबईच्या भावाला निरोप धाडायला. लई कौतुकाचे दिवस होते ते.

शिवकन्या नेकनूरहून कॉलेजला यायची. घरी आई भामाबाई, आणि थोरला भाऊ राजेश्वर, गावात किराणा दुकान चालवणारा. वडील लहानपणीच गेलेले. कॉलेज गावाबाहेर होतं; ते सुटलं की बसनं स्टँडवर उतरून, मैत्रीण चैतालीला घेऊन ती माझ्यापुढं बसायची. दोघी एका खुर्चीत. कळफलकाची ओढाताण, खिदळणं, शेंगांची टरफलं माझ्या फटीत. मी मनातल्या मनात खेकसायचो, पण खरं सांगतो, त्या आल्या की मला बरं वाटायचं.

अनोळखी माणसांशी गप्पा मारायची एक सोय तेव्हा माझ्यात होती. तिथं एके दिवशी संगमेश्वर नावाच्या माणसानं पहिलाच शब्द लिहिला, 'शरणार्थ.' शिवकन्येच्या समाजात माणसं भेटली की असंच म्हणतात. संगणकावर लबाड माणसं असतात, हे तिला चैतालीनं दहादा बजावलं होतं. पण शरणार्थ म्हणणारा परका कसा असेल, तो तर आपलाच, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं, कशाला खोटं बोलू?

आणि तो लबाड नव्हताच, मित्रांनो. परळीचा होता, कारखान्यात कारकून होता, नाव खरं, फोटो खरा. त्यानं नात्यातल्या एका माणसाकडून रीतसर स्थळ पाठवलं. मग राजेश्वर परळीला जाऊन चौकशी करून आला. आपल्याकडं सोयरीक जुळवायची म्हणजे चौकशी आलीच. त्यानं पानटपरीवर विचारलं, न्हाव्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. सगळे म्हणाले, पोरगा सुपारीचं खांड खात नाही, नाकासमोर चालतो. आधी एकदा धर्मापुरीच्या मुलीशी सुपारी फुटून मोडली होती, तेही त्यांनी लपवलं नाही. मुलीकडचेच फिरले म्हणाले. कपिलधारची यात्रा झाली की सुपारी फोडायची, असं ठरलं. भामाबाईंनी पेढे वाटले. एक माझ्यापुढंही ठेवला होता, तो मुंग्यांनी खाल्ला.

स्थळ पक्कं झालं आणि त्याची भाषा पालटली. रोज चार वाजता माझ्यापुढं हजर व्हायचं, असा त्याचा हुकूम निघाला. बस उशिरा आली तर विचारायचा, बसला उशीर का दुसऱ्या कुणामुळं? शेजारी कोण बसलं होतं? आपल्यात काय लपवायचं, म्हणून त्यानं तिचा पासवर्ड मागून घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या यादीतली निम्मी नावं गायब. चैतालीशी बोलायचं नाही, असंही फर्मान आलं. मग ती खुर्ची एकटीची झाली.

माझा पंखा तेव्हापासून जास्तच भिरभिरायला लागला. स्टँडवरून पोरगी धावत यायची. कपाळावर घाम, ओढणी एका खांद्यावर, डबा तसाच भरलेला. आणि आमच्या बीडची लाईट तर तुम्हाला ठाऊकच आहे. ती गेली की मी विझायचो आणि ही पांढरीफटक पडायची. मी जाणूनबुजून निघून गेले असं त्याला वाटेल, म्हणायची, आणि अंधारात माझं बटण दाबत राहायची. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त दुसऱ्याचे शब्द दाखवता येतात.

एका दुपारी ती नेहमीसारखी धापा टाकत आली. गंगासागरबाईंनी माठातलं पाणी तिच्या हातात दिलं आणि अगदी हळू विचारलं, "उशीर झाला तर काय करतो गं तो?"

शिवकन्या हसायला गेली. "काय न्हाई मावशी. चिडतो थोडं. जीव लावतो म्हणून."

"मी बी अशीच पळायचे," बाई म्हणाल्या. "त्याच्या फटफटीचा आवाज आला की चुलीवरचं तसंच सोडून दारात. मला बी वाटायचं, जीव लावतो. आज एक कर. त्याचं नाव उघड आन् हात मांडीत ठेव. चहा पी. तो काय लिहितो ते नुसतं वाच."

मित्रांनो, मी आयुष्यात एकदाच लाईटीला हात जोडले, ते त्या दिवशी. म्हटलं, लाईटबाई, आज जाऊ नकोस.

आलीस का, असं आधी आलं. मग बोल ना राणी. मग रागावलीस का. मग कुणाशी बोलतेस, हात झडले का. शिवकन्येची बोटं सारखी कळफलकाकडं जात होती आणि गंगासागरबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. मग शिव्या आल्या, त्या मी तुम्हाला सांगत नाही. मग एकदम माफी, तुझ्याशिवाय मला कोण हाय. आणि त्याच्या खालोखाल आलं, 'लग्न होऊ दे, मग घड्याळ बघायला शिकवतो तुला.' कपातला चहा अजून संपला नव्हता. रोज ती एकेका शब्दाला घाईनं उत्तर द्यायची. एवढे सगळे शब्द तिनं एका जागी कधी बघितलेच नव्हते. ती वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचून गेली, आणि तिला रडू फुटलं. हे लग्न नको म्हणाली. पण घरी काय सांगू, दादा तर चौकशी करून आलाय, असंही म्हणाली.

गंगासागरबाईंनी निरोप धाडून राजेश्वरला आणि भामाबाईंना बोलावून घेतलं. राजेश्वरनं माझ्यावरचं सगळं वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. माणूस रागात लिहितो काहीबाही, लग्न झालं की निवतो, म्हणाला. सगळ्या परळीला विचारून आलोय मी. त्यावर बाईंनी विचारलं, सगळ्या म्हणजे कुणाकुणाला? त्यानं टपरीवाला, न्हावी, किराणावाला अशी नावं सांगितली. आणि बायांना विचारलं का? राजेश्वरला हसू आलं. चौकशीत बायांना काय विचारायचं?

आता भामाबाईंनी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "माझ्या टायमाला बी बायांना कुणी विचारलं न्हवतं."

राजेश्वर आईकडं बघतच राहिला. त्याच्या वडिलांचा हारातला फोटो त्यांच्या दुकानात लावलेला आहे, असं शिवकन्या मागं एकदा सांगत होती. मग बायांना विचारायला तिघं परळीला निघाली.

परळीला मला काही जाता आलं नाही, वायर आडवी येते. पण परत आल्यावर राजेश्वरनं माझ्यापुढंच बसून शिवकन्येला सांगितलं, म्हणून मला माहीत. नळावर रांगेत उभं राहायचं तर हातात भांडं हवं. म्हणून गंगासागरबाईंनी आणि भामाबाईंनी स्टँडजवळच्या घरातून दोन घागरी मागून घेतल्या आणि संगमेश्वरच्या गल्लीतल्या नळाला रांग धरली. राजेश्वर लिंबाखाली उभा राहिला. घागरी अर्ध्या भरायच्या आत पाणी कुठं मुरतंय ते कळलं. रतनबाई नावाच्या शेजारणीनं बोट करून रस्त्यावरची जागाच दाखवली.

 रतनबाईचे शब्द राजेश्वरनं जसेच्या तसे सांगितले, "त्या धर्मापुरीच्या पोरीला हितंच मारलं त्यानं. मैतरणीसंगं शेंगा खात हुबी व्हती म्हणून. गड्यांनी समद्यांनी बघितलं. म्हणले, त्यांच्या घरचा मामला हाय."

ज्या टपरीवर राजेश्वरनं चौकशी केली होती, ती त्या जागेसमोरच होती. सुपारी फुटली नाही. राजेश्वरनं बहिणीला एवढंच विचारलं, "मला आधी कावून न्हाई सांगितलं?" आणि मग स्वतःच मान खाली घातली.

संगमेश्वरनं सहजी पिच्छा सोडला नाही. धमक्या आल्या, रडणं आलं, एकदा तो कॅफेच्या दारापर्यंत आला आणि गंगासागरबाईंना बघून माघारी गेला. बाईंनी शिवकन्येचा पासवर्ड बदलून दिला, त्याचा रस्ता बंद करून दिला, आणि धमक्यांचे कागद छापून पोलिसात दिले. राजेश्वर महिनाभर तिच्याबरोबर बसनं यायचा. कुठं जातेस, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला फडक्यानं पुसलं, उन्हापासून जपलं की पुष्कळ झालं. माणसाला जपायला विचारावं लागतं. आता तर तुमच्या खिशाखिशात माझी नातवंडं आहेत, रात्रंदिवस. तुमची बहीण, तुमची मैत्रीण कुणासाठी अशी धापा टाकत पळताना दिसली, तर तो कोण, कुठला, काय कमावतो, हे नंतर विचारा. आधी हळूच विचारा, उशीर झाला तर काय होतं? आणि उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.

माळ्यावर चार वाजले की मी तळमळतो, आणि मग मला एक दुपार आठवते. चार वाजून गेले होते. माझा पंखा घरघरत होता. साडेचारला शिवकन्या चैतालीबरोबर रस्ता ओलांडून आली. चालत आली, पेरू खात. मध्येच थांबून तिनं चपलेतला खडा काढला. मग दोघी एका खुर्चीत बसल्या आणि तिखटमिठाच्या हातांनी त्यांनी माझा कळफलक बरबटवला.

मी काही म्हणजे काही बोललो नाही.